कुलपाच्या फोटोवर चांदणी

मारेगावात बसंतीबाईंच्या घराच्या माडीवर दीपमालाची खोली होती. दहा बाय बारा, वर टिनं, एक खिडकी, कोपऱ्यात मोरी आणि भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. पावसात टिनं असा गोंगाट करायची की फोनवरचं बोलणं तसंच सोडून द्यावं लागे. पण दीपमालाला कोणी विचारलं असतं, तर तिने ही खोली कुठल्या बंगल्याशी बदलली नसती. पंचवीस वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदाच तिच्याकडे असं एक दार होतं, ज्याचं कुलूप तिने आणलं होतं आणि किल्लीही तिच्याचकडे होती. त्या दाराचा तिने राहायला आल्या दिवशीच फोटो काढला, मग नुसत्या कुलपाचा. मग खिडकीचा काढला, मग रात्री एकटीसाठी वाढलेल्या ताटाचा. पुढे रोजच्या ताटाचा फोटो काढायची सवयच लागली. कोणाला पाठवले नाहीत, नुसते काढून ठेवले.

ती सरकारी दवाखान्यात रक्त तपासायचं काम करायची. नोकरी कंत्राटी होती, पण हात चांगला होता. तिने सुई टोचली की लहान मूलसुद्धा फारसं रडत नसे. घर पांढरकवड्याला. तिथून रोज येणंजाणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून ही खोली. ती मिळवायला तिला दीड महिना लागला होता. तिचे बाबा उकंडा जिनिंगमध्ये कापसातली सरकी काढणारे रेचे दुरुस्त करायचे. मशीनचा आवाज ऐकून कुठे काय घासतंय ते सांगणारा माणूस. शेवटी ते तयार झाले, पण एक अट घालून. "एक गोष्ट जरी माह्या कानावर आली, का त्याच दिवशी सामान बांधाचं. मंग नोकरी राहो का जावो."

सहा महिन्यांत काही कानावर गेलं नाही. मात्र ते साल बोंडअळीचं होतं. कापूस बोंडातच किडला होता, जिनिंगला यायचा तेवढा माल आलाच नाही. एरवी होळीनंतरही घरघरणारे रेचे जानेवारीतच थंड पडले आणि उकंडा घरी बसले. ज्या माणसाने तीस वर्षं मशीनकडे कान लावला, त्याला आता ऐकायला काही उरलं नव्हतं. मग तो कान त्यांनी पोरीकडे लावला. जेवली का, पोचली का, दार लावलं का, असे दिवसाला चार फोन. दीपमाला चारही उचलायची. एक जरी चुकला तर पाचवा बसंतीबाईंना जाईल, हे तिला ठाऊक होतं.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी दवाखान्यातली नर्स शीला तिच्याकडे आली. चिवड्याचा डबा मधे, डब्याला टेकवून मोबाईल, आणि मोबाईलवर एक हिंदी थरारपट. शहरातल्या एका मुलीच्या फोनमध्ये कोणीतरी लांबून शिरतो. तिचाच कॅमेरा उघडून तिला बघतो, तिचं बोलणं ऐकतो. मग तिने कधी काढलेच नाहीत असे फोटो तिच्या फोनमध्ये यायला लागतात, आणि शेवटी शेवटी तर तिचा झोपेतला फोटो येतो. शीला चिवडा खात मजेत बघत होती. दीपमालाने अर्ध्यावर चिवडा सोडला.

पिक्चर संपल्यावर तिने शीलाच्या पर्समधून टिकलीचं पाकीट काढलं आणि एक टिकली फोनच्या समोरच्या कॅमेऱ्यावर लावली.

शीला पोट धरून हसली. "तुले कोण पाहाते बाप्पा? तू तं दिवसभर लोकाइचं रक्त पाहाते."

दीपमालाही हसली, पण टिकली काढली नाही.

मंगळवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिने सहज फोनमधले फोटो उघडले आणि हातातला घास हातातच राहिला. पहिलाच फोटो पायाचा होता. टाचेला भेगा, बोटात चांदीची जोडवी. पाय तिचा नव्हता. त्याच्या खालचा फोटो एका अंधाऱ्या खोलीचा, खिडकीला टेकेल इतका पांढरा ढीग घातलेला. तिसऱ्यात कोणाची तरी पाठ होती, चौथ्यात नुसता अंगठा. यातलं काहीही तिने काढलं नव्हतं.

ती खाली खाली जात राहिली. सहा महिन्यांपूर्वीचे फोटो आले आणि तिचं बोट थांबलं. दाराच्या फोटोवर कोपऱ्यात एक छोटी चांदणी होती. आवडलेल्या फोटोवर खूण करायची असते ती. खिडकीच्या फोटोवर चांदणी, एकटीच्या ताटावर चांदणी, आणि कुलपाच्या फोटोवरही. तिने एकही दाबली नव्हती. म्हणजे कोणीतरी बसून तिचं दार बघितलं होतं, खिडकी बघितली होती, कुलूप कोणतं आहे तेही बघितलं होतं. तिच्या स्वतःच्या फोटोवर मात्र एकही खूण नव्हती. दिवाळीला पिवळा ड्रेस घालून अर्धा तास खपून काढलेल्यावरसुद्धा नाही. एवढ्या भीतीतही हे तिला जरासं लागलंच.

शीलाला तिने दाखवलं. शीलाचं हसू पळालं. "ठाण्यात चाल."

"ठाण्यात गेली का बाबाले मालूम होते. अन् बाबाले मालूम झालं का खोली गेली."

"अन् तो दारात आला मंग?"

 संध्याकाळी दीपमालाने बाजारातून दुसरं कुलूप घेतलं, पहिल्याच्या दुप्पट जाड. आतून कडी लावून तिला पहिल्यांदाच आपल्या खोलीत परकं वाटलं. ज्या खिडकीत उभं राहून ती रोज केस विंचरायची, तिला तिने ओढणी बांधली. तिला भीती वाटत होती, आणि भीतीपेक्षा राग जास्त येत होता. सहा महिने सुखाने जगलेली जागा कोणीतरी न विचारता उष्टी केली होती.

त्या ताणाने म्हणा की दवाखान्यातल्या साथीने, गुरुवारी तिला ताप भरला. थर्मामीटरचा फोटो काढून तिने शीलाला पाठवला, गोळी घेतली आणि झोपली. शुक्रवारी सकाळी साडेसहाला बाबांचा फोन आला.

"ताप उतरला का?"

दीपमाला उठून बसली. तिने घरी तापाचं एक अक्षर सांगितलं नव्हतं. "कोणं सांगतलं तुमाले?"

"एक बाई बोलली आता फोनवर. म्हणे, तुमच्या पोरीले एकशेएक ताप आहे अन् तुम्ही तिकडे काय करून राह्यले. नाव नाही सांगतलं तिनं. तू रोज खिचडीच खाते, हेही तिले मालूम आहे. खोलीच्या खिडकीतून लिंबाचं झाड दिसते म्हणे. कोण आहे हे बाई?"

"मले नाही मालूम, बाबा."

 मग ते म्हणाले, "पहिल्या गाडीनं येऊन राह्यलो मी. सामान काढून ठेव." आणि त्या बाईचा नंबर सांगून त्यांनी फोन ठेवला.

गाडी पोचायला दोन तास होते. दीपमालाने तोंडावर पाणी मारलं, ओढणी घेतली आणि तापातच बाजारातल्या मारोतीच्या मोबाईल दुकानावर गेली. फोन तिने त्याच्याकडूनच घेतला होता, सगळं सुरूही त्यानेच करून दिलं होतं. शटर नुकतंच वर गेलं होतं. मारोती उदबत्ती ओवाळत होता.

"मारोतीभाऊ, ह्या फोनात कोणीतरी घुसलं आहे. सारं पुसून टाका."

मारोतीने उदबत्ती खोचली, फोन हातात घेतला, फोटो बघितले आणि अजिबात न दचकता म्हणाला, "कोणी घुसलं नाही, ताई. हा तं आपलाच जीमेल आहे."

"आपला म्हणजे?"

"माहा. दुकानाचा. नवीन फोन घेतला का जीमेल लागतेच ना. आता खेड्यातल्या मानसाले कुठं जीमेल राह्यते? नवा काढाचा म्हटलं तं अर्धा घंटा जाते, रेंज नाही राह्यत, तो मेसेज येत नाही. गिऱ्हाईक तिकडे बैलबंडी उभी ठेवून येते. म्हणून मी एकच काढून ठेवला अन् साऱ्याइच्या फोनात तोच टाकून देतो. पासवर्ड माह्या गाडीचा नंबर." त्याच्या आवाजात लाज नव्हती, उलट थोडा अभिमानच होता. "चार वर्षं झाले, एकाची तक्रार नाही."

दीपमाला स्टुलावर बसली. दवाखान्यात ती पहिलं काम शिकली होती ते रक्ताच्या नळीवर चिठ्ठी लावायचं. एका माणसाची नळी, एका माणसाचं नाव. इथे मारोतीने सगळ्या गावाच्या नळ्यांवर एकच नाव चिकटवलं होतं आणि वर म्हणत होता तक्रार नाही.

"मंग माहे फोटो साऱ्या गावाकडे जातात?"

"नाही नाही, तेवढा अडाणी नाही मी. फोटो जपून ठेवाचं बटन मी ज्यानं म्हटलं त्याच्याच फोनात चालू करतो. तुम्ही म्हटलं होतं. अन्..." त्याने डोकं खाजवलं. "अन् दुसऱ्या एकानं म्हटलं होतं."

दीपमालाने बाबांनी दिलेला नंबर त्याच्यापुढे धरला. मारोतीने तो बघितला. "हाच. पिंपळशेंड्याचे सदाशिवराव. नंबरही त्याच बटनानं जीमेलमधी सेव्ह होतात ना. 'बाबा' म्हणून तुम्ही जो ठेवला असंन, तो त्याइच्या फोनातही 'बाबा' म्हणूनच दिसत असंन."

तिला रडूही येईना आणि हसूही. स्टॅंडवर गाडी आली तेव्हा उकंडा खाली उतरले. हातात एक मोठी रिकामी पिशवी होती आणि चेहरा रात्रभर जागल्यासारखा. दीपमालाने तिथेच, रसवंतीच्या बाकावर बसून सगळं सांगितलं. टिकली, पाय, चांदण्या, मारोतीचा पासवर्ड. काही लपवण्यात आता अर्थ नव्हता. त्यांनी ऐकून घेतलं. मशीनचं ऐकायचे तसंच, मान एका बाजूला कलती करून.

"चाल," ते म्हणाले. "पहिले त्या बाईले पाहू. मंग सामान बांधू."

पिंपळशेंड्याला काळीपिवळी जीपने अर्धा तास लागला.  रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेतकऱ्यांनी कापसाच्या पऱ्हाट्या हंगाम संपायच्या आधीच उपटून रचून ठेवल्या होत्या. सदाशिवरावांचं घर विचारायला लागलं नाही, उतरल्यावर पहिलंच असं मारोतीने सांगितलं होतं. ओसरीला लागून खोली, आणि खोलीत खिडकीपर्यंत कापूस. दीपमालाने तो ढीग ओळखला. आत कवडी, म्हणजे किडक्या बोंडातला कापूस, मिसळलेली असल्याने तो घ्यायला कोणी तयार नव्हतं, म्हणून तो घरातच राहत होता आणि माणसं ओसरीत.

साठीची एक बाई सूप घेऊन बाहेर आली. पायात जोडवी, टाचेला भेगा. तिने दीपमालाकडे पाहिलं, आणि नात्यातलं कोणी आल्यासारखं सूप खाली ठेवलं.

"आली का? अन् तापात कायले आली बाई? कितीक आहे आता?"

ही शकुबाई, सदाशिवरावांची बायको. दीपमालाने तीन दिवस ज्या राक्षसाला मनातल्या मनात शिव्या दिल्या होत्या, तो हा असा लुगड्याच्या ओच्याला हात पुसत उभा होता. तरीही तिचा राग गेला नाही. तो जायचं काही कारणही नव्हतं.

"आजी, तुम्ही सहा महिने माहे फोटो पाह्यले. मले विचारलं नाही. तीन दिवस धड झोपली नाही मी, मालूम आहे का? मले वाटलं चोर आहे, नाही तं त्याहून वाईट कोणी."

शकुबाईचा चेहरा उतरला. ती ओसरीच्या कडेला बसली. "मले काय मालूम बाई. मोबाईल घेतला अन् त्यात तुहे फोटो येत गेले. मले वाटलं, टीव्हीत येते तसं हे साऱ्याइलेच येते. एका पोरीची कहाणी दाखवून राह्यले, रोज थोडी थोडी. मंग संक्रांतीले ऋतिक आला, माहा नातू. त्यानं मले फोटो काढाले शिकवलं, तवा तो म्हणे, आजी, हे खरी पोरगी आहे कोणी, मारेगावची. तेव्हापासून मले शरम वाटे. पण पाहाचं सुटे नाही."

"अन् चांदण्या? कुलपावर, दारावर? त्या कायले मारल्या?"

"त्या चांदण्या होय?" शकुबाईने विचार केला. "मले वाटलं तिथं बोट लावलं का फोटो हरवत नाही. मले जे आवडले, त्याइले लावलं."

"कुलूप आवडलं तुमाले?"

"हो." ती उकंडांकडे न बघता, दीपमालाकडे बघून बोलत होती. "मी अकरा वर्षांची होती तं लगन झालं. मायच्या घरी आम्ही सात जण एका खोलीत. इथं आली तं सासू, जावा, दीर, लेकरं. आता कापूस. खोलीत एकटी मी कधी बसली, हे मले याद नाही. कुलूप घराले लागते, पण चाबी सासऱ्याच्या कमरेले होती, मंग ह्याइच्या. तुहं दार पाहो तं मले बरं वाटे. एकटीनं वाढलं, एकटीनं जेवली, कोणी काही मांगत नाही. दुपारी काम झालं का मी ते पाहून घेवो अन् मंग उठो."

 सदाशिवराव आतून स्वतः चहाचे कप घेऊन आले. कप बायकोच्या हाती द्यायचे सोडून त्यांनी ते उकंडांपुढे धरले आणि आपला घेऊन त्यांच्याच शेजारी टेकले. ऐकलं त्यांनीही होतं, बहुतेक पहिल्यांदाच.

उकंडांनी चहा घेतला. पिशवी मांडीवर होती. मग त्यांनी गाडीपासून धरून ठेवलेला प्रश्न काढला. "बाई, खरं सांगा. तुमची पोरगी असती तं तुम्ही ठेवली असती का एकटी?"

शकुबाईला हा प्रश्न सोपा गेला नाही. ती टाचेची भेग चाचपत राहिली.

"पोरीचं मले नाही सांगता येत, भाऊ," ती म्हणाली. "मी राह्यली असती."

दीपमालाने शकुबाईच्या फोनमधून मारोतीचा जीमेल काढला. दोघींच्या डोळ्यांदेखत सगळे फोटो निघून गेले. शकुबाईने हळूच विचारलं, "एक राहू दे ना. तो कुलपाचा."

"नाही, आजी," दीपमाला म्हणाली. तिला वाईट वाटलं, पण ती बदलली नाही. "फोटो नाही ठेवत. पाहाचं असंन तं खोलीवर या."

 परतताना काळीपिवळीतून मारेगाव दिसायला लागल्यावर उकंडा म्हणाले, "तुले मी दिवसातून चारदा फोन करतो, अन् तुले ताप आहे हे मले दुसरीच बाई सांगते."

"तुमाले सांगतलं असतं तं तुम्ही पिशवी घेऊन आले असते."

त्यांनी मांडीवरच्या पिशवीकडे बघितलं. तिच्या बोलण्यात नाकारण्यासारखं काही नव्हतं. स्टॅंडवर पांढरकवड्याची गाडी लागलेलीच होती. त्यांनी पिशवी घडी घालून खिशात कोंबली. ती मावेना, तरी कोंबली.

"एकच फोन करीन," पायरीवर चढताना ते म्हणाले. "संध्याकाळी. पण ताप आला तं खरं सांगत जा."

"सांगीन."

खोली राहिली. दीपमाला माडीवर गेली, खिडकीची ओढणी सोडली आणि ताप अंगात असतानाच गाढ झोपली. सोमवारी तिने मारोतीकडून स्वतःच्या नावाचा जीमेल काढून घेतला. अर्धा तास लागला. रेंजसाठी दोघांना दुकानाच्या पायऱ्यांवर उभं राहावं लागलं, तरी ती हटली नाही.

पुढच्या बाजाराच्या दिवशी दुपारी दारावर थाप पडली. शकुबाई होती. धुतलेलं लुगडं, हातात तुरीच्या शेंगांचं फडकं, जिना चढून दम लागलेला. तिने आत येऊन सगळं बघितलं. मोरी, खिडकी, खिडकीतलं लिंबाचं झाड, बाबासाहेबांचा फोटो. फोटोत बघून पाठ झालेल्या गोष्टी ती एकेक हात लावून जागेवर आहेत ना ते बघत होती. दीपमालाने खिचडी वाढली, तिने ती आवडीने खाल्ली आणि ताट स्वतः धुऊन ठेवलं. मग ती खाटेच्या कडेवर बसली आणि काहीतरी मागायचं आहे पण मागवत नाही अशी घुटमळली.

"काय, आजी?"

"तू जराशी बाहेर जाशीन का?"

दीपमालाला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. ती उठली, बाहेर आली आणि दार ओढून घेतलं. आतून कडी लागल्याचा आवाज आला.

ती जिन्यावर बसून राहिली. थोड्या वेळाने खालून बसंतीबाई वाळवण घेऊन वर आल्या आणि तिला पाहून थबकल्या. "काहून बाहेर बसली? आत कोण आहे?"

"शकुबाई आहे, काकू. पिंपळशेंड्याची."

"एकटी? काय करून राह्यली?"

"काहीच नाही," दीपमाला म्हणाली, आणि बसंतीबाईंना बसायला पायरीवर जागा करून दिली.